सोळा शून्यं

"मास्तर, आपलं तिकीट-यंत्र कोसळलं की पडद्यावर पत्ते ओकतं. ते सोमवारपासून बंद," विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली. कर्नेल हा यंत्राच्या पोटातला कारभारी. मरता मरता तो मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर पाय घसरला ते सांगून जातो. यंत्रात शिरू बघणाऱ्या घरफोड्यालाही नेमकं तेच हवं असतं. मास्तर मात्र सव्वीस वर्षं त्या आकड्यांवरूनच दोष हुडकत आले होते. दर कोसळण्याला वहीत एक पान: तारीख, पत्ता, गुन्हेगार.

"झाकू की. पण प्रत्येक पत्त्याला एकेक खोटं नाव देऊ. चोराला पत्ता लागणार नाही, आणि तोच पत्ता पुन्हा आला तर आपण ओळखू."

"घोळ नको. पत्त्याच्या सोळाही आकड्यांजागी सरळ शून्यं छापा. खरे पत्ते फक्त यादीतल्यांना."

मास्तरांनी काम असं नेटकं केलं की एक पत्ता निसटेल तर शपथ. यादी वरून आली, हुद्द्याप्रमाणे: संचालक, उपसंचालक, बाई. तिघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे गुप्तता अगदी चोख झाली.

पंधरवड्यात यंत्र ऐन गिऱ्हाइकासमोर कोसळलं.

"बाई, तुमच्या पडद्यावर पत्ता दिसतोय. एकदा वाचून दाखवता?"

"म्हणजे उघड केल्यासारखंच ना? नियम तुम्हीच बसवलात."

"अहो, पण दोष शोधणारा मीच!"

"मग शोधा की!"

मास्तर तीन दिवस शून्यांकडे बघत बसले. चौथ्या दिवशी पत्र आलं: दोष शोधण्याची क्षमता उरलेली नाही, सबब सेवा समाप्त. सहीसाठी बाईंनी स्वतःचं पेन दिलं.

निघण्यापूर्वी मास्तरांनी वहीत शेवटचं पान लिहिलं. तारीख. पत्ता: सोळा शून्यं, एकेक मोजून. गुन्हेगार: मी.

फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडून वही चाळली.

"काका, यात पत्ते आहेत. बाहेर नेता येत नाहीत."

"अरे, जुने आहेत. भंगारात गेलेल्या यंत्रांचे."

"तुमचं खरं असेल हो. पण वरून फोन आलाय."

वही कागद कातरायच्या यंत्रात गेली. यंत्र चांगलं होतं, मध्ये एकदाही कोसळलं नाही.

पहारेकरी तसा मायाळू. शेवटचं पान त्याने आधीच फाडून बाजूला ठेवलं होतं.

"हे न्या, काका. यात काहीच नाही."

मास्तरांनी पानाची बारीक घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.