वजनदार माणसाचा मान

आमच्या गावचं तळं म्हणजे हिमनदी निघून जाताना मागे विसरलेलं सामान, असं आमचे मास्तर सांगतात. ती गेली, पण आमच्या डोक्याला ताप ठेवून गेली. हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर पहिलं पाऊल टाकायचा मान गावातल्या सर्वांत वजनदार पुरुषाचा. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, चर्च सुटलं की डेअरीतल्या वासरं तोलायच्या काट्यावर सगळ्या पुरुषांची वजनं होतात. जो जड भरेल त्याने टोपीला मानाचं पीस खोवून एकट्याने पलीकडच्या काठाला जायचं. तो पोचला की बाकीचं गाव बर्फावर उतरतं. नाही पोचला तर काय, हे कोणी विचारत नाही.

एकोणीस वर्षं तो मान माझ्या नवऱ्याकडे, क्विरिनकडे होता. वजन एकशे एकवीस किलो. पूर्वी बर्फ हातभर जाड असायचा. हल्ली ऐन जानेवारीत छपरं गळतात. तरी हा बाबा निघायचा आणि मी काठावर जीव मुठीत धरून उभी.

"अगं, बर्फ मला ओळखतो," असं वर मलाच सांगायचा.

बर्फाच्या ओळखीवर माझा काडीचाही भरवसा नव्हता. म्हणून गेल्या ईस्टरनंतर मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तदाब जरासा वाढलाय, एवढंच त्या म्हणाल्या. उरलेलं मी घरी येऊन सांगितलं. डुकराचं मांस बंद, पावाचे उकडलेले गोळे बंद, बिअर फक्त रविवारी.

"आफ्रा, मी काय ससा आहे?" ताटातल्या कोबीकडे बघत तो म्हणायचा.

"ससे बर्फात बुडत नाहीत. गप गिळ."

यंदा तो काट्यावर चढला आणि भरला सत्त्याऐंशी. एकशे अठरा भरलेला ब्लासी बेकर हसून म्हणाला, "काय रे क्विरिन, बायको उपाशी ठेवते की काय?"

क्विरिनने टोपीचं पीस काढून ब्लासीच्या हातात दिलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मनातल्या मनात मी नाचत होते.

ब्लासी रुबाबात निघाला. चाळीस पावलांवर वळून त्याने आम्हाला हात केला, आणि त्याच्याखालचा बर्फ फुटला. काखेपर्यंत पाण्यात गेला बिचारा. अग्निशमन दलाचे प्रमुख शिडी घेऊन ओरडले, "जड माणसांनो, पुढे येऊ नका! सगळ्यांत हलका कोण आहे?"

वजनं नुकतीच झालेली, आकडे सगळ्यांना पाठ. आमच्याकडे धडधाकट पुरुष शंभराच्या आत भरत नाही. एक सोडून. सगळं गाव माझ्या नवऱ्याकडे बघायला लागलं.

तो पोटावर आडवा झाला, कमरेला दोर बांधला आणि शिडी पुढे ढकलत सरपटत निघाला. त्याच्याखाली बर्फ करकरत होता.

"क्विरिन, परत ये!" मी किंचाळले.

"मग नऊ महिने कोबी कशाला खाल्ला?" तो मागे न बघता ओरडला.

ब्लासीने शिडी पकडली, लोकांनी दोर ओढला आणि दोघं काठाला लागले. मी आधी क्विरिनला मिठी मारली, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

खानावळीत सगळे शेकत बसले असताना प्रमुखांनी जाहीर केलं, की आता दरवर्षी एक माणूस शिडी घेऊन काठावर तयार राहील. गावातला सर्वांत हलका पुरुष. त्यालाही टोपीचं पीस मिळेल. क्विरिनचा चेहरा उजळला.

"आफ्रा, आता रविवारची बिअरसुद्धा सोडतो. पुढच्या वर्षी पाऊणशे!"

मी त्याच्यापुढची कोबीची थाळी उचलली आणि भाजलेलं डुकराचं मांस आणि तीन गोळे आणून ठेवले.

"आणि रक्तदाब?"

"उतरला. खा."

तो हावरटासारखा जेवत होता आणि मी हिशेब करत होते. त्याच्यानंतरचा हलका पोस्टमन इग्नाझ, एकशे एक. सगळ्यांत जड ब्लासी, एकशे अठरा. क्विरिनला मी एकशे दहावर ठेवणार आहे. त्या वजनाला आमच्या गावात काडीचाही मान नाही.