फिचाला सलाईन

घाटातल्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बसली. कोसाराने एक शिवी घातली, खाली उतरून मागचं झाकण उघडलं, बादलीतलं फडकं पिळलं आणि इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर टाकलं. टाकता टाकता तिची बोटं पंपाला लागली. पंप गार होता.

उन्हाळ्यात फिचा गाडीचा पंप रुसतो, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एवढीशी गाडी, इंजिन मागे, टाकी पुढे. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफेवर काही चढ चढत नाही. मग ओलं फडकं टाकायचं, एक सिगारेट ओढायची आणि निघायचं. पण हा नोव्हेंबर होता. आलुबुखाराची दारू गाळून झाली होती, कुरणावरचं दव दुपारपर्यंत गोठलेलं असायचं, आणि पंप मात्र जुलैसारखा बसत होता.

कोसारा सरकारी नर्स. वरच्या वाड्यांवरची निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली आणि प्रत्येक बाळंतपणाला कोसारा याच गाडीतून गेली. निवृत्त झाली तरी दर गुरुवारी ती शेवटच्या वाडीवर जायचीच, कारण तिथे आंधळी स्तामेना एकटी राहत होती. तिचं डोकं धुवायचं, नखं कापायची, आठवड्याचा पाव ठेवायचा. स्तामेनाच्या भाच्याने खाली वृद्धाश्रमात खाट सांगून ठेवली होती. "कोसारा येतेय तोवर मी इथून हलत नाही," असं म्हातारीने त्याला ठणकावलं होतं. म्हणजे फिचा बंद पडली की स्तामेनाचं घर बंद, हा सरळ हिशेब होता.

"उशीर केलास," स्तामेना त्या दिवशी म्हणाली. "कोणी अडवलं?"

"पंपाने."

"बरंय बाई. नवरा गेल्यावर तुला अडवणारं कोणीतरी उरलंय."

घाट उतरून कोसारा तशीच रादिशाच्या गॅरेजवर गेली. रादिशा तिचा जुना दोस्त. गाडी नवी होती तेव्हापासून तिचं दुखणंखुपणं तोच बघायचा. ओल्या फडक्याची युक्तीसुद्धा त्यानेच शिकवलेली. त्याने वाकून पंपाकडे पाहिल्यासारखं केलं.

"पंपातला पडदा फाटलाय. पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. दुप्पट पीत असेल ती आता. एखाद्या दिवशी पेट घेईल हं कोसारा."

"मग पडदा बदल."

"मिळतोय कुठे! आता विकून टाक. भंगारवाला चांगला आहे माझ्या ओळखीचा."

हे बोलताना तो हात पुसत होता, आणि हात आधीच स्वच्छ होते.

घरी येऊन कोसाराने इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून नाकाशी धरली. पेट्रोलचा वास नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून काचेची सलाईनची जुनी बाटली काढली, पेट्रोलने भरली आणि मागच्या उघड्या झाकणाला उलटी बांधली. टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढली आणि त्या जागी बाटलीची रबरी नळी खोचली. पूर्वी दर वसंतात ती आणि रादिशा मिळून गाडी किती पेट्रोल पिते ते असंच मोजायचे. एका बाटलीत गाडी तळ्याकाठच्या सपाट रस्त्याने ट्राउटच्या खानावळीपर्यंत जायची, तिथे दोघं मासे खायची आणि रादिशा बिलावरून भांडायचा.

बेकरीवाला ल्युबिंको दारात येऊन खो खो हसला. "सिस्टर, फिचाला सलाईन? वाचेल का पेशंट?"

"डॉक्टर म्हणतो मरणार. मी म्हटलं, आपण नाडी बघू."

बाटली संपली तेव्हा समोर ट्राउटच्या खानावळीची पाटी होती. पूर्वी संपायची तिथेच. गाडी थेंबभरही जास्त पीत नव्हती. कोसाराला आधी आनंद झाला, अगदी पोरीसारखा. मग तिला कळलं की याचा अर्थ काय होतो, आणि ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

घरी तिने पंप सोडवला. पंपाखाली पुठ्ठ्याचं एक पातळ पॅकिंग असतं. तिथे एकावर एक रचलेल्या पॅकिंगांचा जाड थर होता. पॅकिंग जाड केलं की पंपाच्या दांड्याचा रेटा कमी पडतो. सपाटीवर कळत नाही, चढावर मात्र इंजिन उपाशी मरतं. हेही तिला रादिशानेच शिकवलं होतं. तिने एकेक पॅकिंग सुटं केलं. कात्रीने कापलेली होती, नवी होती, आणि एकाच्या पाठीवर सोनेरी काठाचा लाल गुलाब होता. रादिशाच्या घराण्याच्या संताच्या सणाला तिने नेलेल्या चॉकलेटच्या खोक्यावरचा.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याच्या हाताला तेवढी नाजूक कामं जमत नाहीत.

तिने ती पॅकिंगं त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी नेऊन ठेवली. रादिशाने पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"वेस्नाचा फोन आला होता," तो म्हणाला.

"माझ्या मुलीचा? तुला?"

"रडत होती गं. म्हणाली, आईला नीट दिसत नाही, फाटकाचा खांब पाडला, बोलायला गेलं की फोन आपटते. काका, गाडी आपोआप बंद पडू दे. म्हणजे कोणी वाईट व्हायला नको."

"आणि तू वाईट न होता माझं भलं करायला निघालास."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं. तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण तू तोंडावर सांगितलं असतंस, रादिशा. तुझी बायको वाचणार नाही हे तुला कोणी सांगितलं? मीच ना? का साखरेच्या गोळ्या देऊन फिरवलं तुला?"

रादिशाने गुलाबाचं पॅकिंग उचलून उलटं ठेवलं.

"आणि निदान पुठ्ठा तरी दुसरा घ्यायचास."

गुरुवारी तिने एकच पॅकिंग घालून पंप बसवला. फिचा घाट चढली, एकदाही न खोकता. वरच्या वळणावर मात्र करकचून ब्रेक दाबावा लागला. समोर मेंढ्या होत्या, त्यांच्यामागे मेंढपाळ होता, लाल टोपी घालून, आणि कोसाराला तो दिसलाच नव्हता.

"आंधळी झालीस काय गं सिस्टर!" त्याने गाडीच्या टपावर थाप मारली.

म्हणजे रादिशाचं आणि वेस्नाचं बरोबर होतं. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. चुकीचे असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी वेस्नाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "गाडी बंद पडली का गं आई?"

"नाही. मी बंद केली," कोसारा म्हणाली आणि आपटला नाही, नीट ठेवला फोन.

पुढच्या गुरुवारी रादिशा आपली गाडी घेऊन फाटकाशी आला. हॉर्न वाजवायचा धीर त्याला झाला नाही. बराच वेळ तसाच बसून राहिला. स्तामेनाचं डोकं धुवायचं होतं, म्हणून कोसारा बाहेर आली, हातात पाव आणि टॉवेल घेऊन. रादिशाने वाकून शेजारचं दार उघडलं. कोसाराने मागचं उघडलं आणि बसली.

"पुढे ये की," तो म्हणाला.

"इथे ठीक आहे."

घाटातल्या वळणावर त्याने आरशात पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर एक ओलं फडकं होतं. घरून निघताना सवयीने भिजवून आणलेलं.