मागल्या दारचा खोकला

राजश्रीनं विद्यापीठात ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि कॅथलिक चर्चचा इतिहास हे विषय घेतले तेव्हा बोरगावात लोक आधी हसले आणि मग घाबरले. रोज सकाळी जैनांच्या बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकाला जाणाऱ्या पारिसाअण्णांची मुलगी, आणि शिकणार काय, तर पोप-पाद्र्यांचा इतिहास! आत्यानं तर तोंडावर विचारलं, "उद्या बाटली बिटली तर?" पारिसाअण्णा एवढंच म्हणाले, "वाचून कोण बाटत न्हाय."

हाच विषय का, हे मात्र तिनं वडलांना, आप्पांनाही सांगितलं नव्हतं.

गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची. बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर उद्यावर आला होता. आई-आप्पा सांगलीला लग्नाला गेले होते आणि राजश्री घरात एकटीच पुस्तकं पसरून बसली होती. घरामागच्या वखारीत तंबाखू चाळायला बायका आल्या होत्या. त्यांतली जयाबाई सगळ्यांत जुनी. राजश्रीला तिनं कडेवर घेऊन अख्खं गाव फिरवलं होतं. तंबाखूच्या खकाण्यानं, त्या बारीक धुळीनं, तिची छाती पार गेली होती. दोन आखूड ठसके, मग थांबून एक लांब खोकला, शेवटी बारीक शिट्टी वाजल्यासारखा. कोण येतंय ते न बघताच कळायचं.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला तो खोकला मागल्या दाराशी आला.

"राजूआक्का, जरा दार उघड गं. कसंतर व्हतंय."

राजश्री उठली नाही. जयाबाई एकदा आत आली की तासभर हलायची नाही, हे तिला ठाऊक होतं. पाण्याचा तांब्या, मग चहा, मग सुनेच्या तक्रारी. पाठ करायच्या समीकरणांची दोन पानं अजून राहिली होती. तिनं श्वास रोखला. जयाबाईनं तीनदा हाक मारली, तीनदा कडी वाजवली. मग पावलं ओढत गेल्याचा आवाज आला.

वखारीच्या पायरीवर ती कोसळली. बायकांनी उचलून तिला घरी नेलं. दिवेलागणीला ती गेली. रात्री आईनं विचारलं तेव्हा राजश्री म्हणाली, "मला झोप लागली होती." कुणीच पुढं काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी, तीन वाजता, मागल्या दारी खोकला आला. दोन आखूड ठसके, मग एक लांब.

आई पलीकडं तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

त्यानंतर तो खोकला कधी रोज यायचा, कधी महिनाभर यायचा नाही. एकदा तिनं आप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मेलेलं माणूस परत येतंय काय?"

"आपल्यात न्हाय तसलं," आप्पा म्हणाले. "डोळ्याचं पातं लवायच्या आत जीव दुसरा देह धरतोय. मागं उरतंय कोण यायला?"

"आणि त्याच्यासाठी आपण काय करायचं म्हटलं तर?"

"काय करणार? ज्याचं कर्म त्याच्यासंगट."

हे ऐकून तिला धीर यायला हवा होता. तो आला नाही. मागं कुणी उरत नसेल तर दाराशी खोकतंय कोण? आणि काहीच करता येत नसेल, तर हे असंच चालायचं?

बी.ए.ला असताना एका जाड पुस्तकात तिला शुद्धिस्थानाबद्दलच्या चार ओळी सापडल्या. कॅथलिक लोक मानतात की काही मृतात्मे तिथं थांबलेले असतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थना त्यांच्यापर्यंत पोचतात. ग्रंथालयात बसून त्या चार ओळी तिनं पुन्हापुन्हा वाचल्या. एम.ए.चा अर्ज तिनं त्याच आठवड्यात भरला.

बेळगावात अनगोळला ती खोली घेऊन राहू लागली. प्रबंधाला तिनं शुद्धिस्थानाच्या कल्पनेचा इतिहास घेतला. मार्गदर्शक होते फादर मिंगेल, सत्तरीला टेकलेले, मूळचे गोव्याचे. फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात मृतात्म्यांचा दिवस कसा सुरू झाला, ट्रेंटच्या धर्मसभेत काय ठरलं, ल्यूथरनं या साऱ्याला विरोध का केला, हे ती झपाटल्यासारखी वाचत गेली. तीन वाजता खोलीच्या दाराबाहेर खोकला यायचा. ती मान खाली घालून टिपणं काढत राहायची.

ऑक्टोबरात फादरांनी तिचा कच्चा मसुदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सत्तर पानं लिहिलीस. जिवंत माणसांनी मेलेल्यांसाठी काय करावं, ते सगळं आलंय. पण मेलेले काय मागतात, त्यावर एक ओळ नाही."

"ते प्रार्थना मागतात ना, फादर?"

"मागतात. पण मठातल्या जुन्या कथा नीट वाच. आत्मा आला की पहिल्यांदा त्याला विचारायचं, तू कोण, कशाला आलास. मग तो सांगतो. कुणाची हिसकावलेली जमीन परत करा म्हणतो, कुणाला निरोप द्या म्हणतो. न विचारता नुसत्या प्रार्थना म्हणत बसणं म्हणजे..." ते थांबले. "तुझा चेहरा असा का झाला?"

राजश्रीनं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

शेवटी ती म्हणाली, "दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेत तिचं नाव वाचाल का?"

"वाचीन की. पण तिच्या घरचं कोण आहे?"

"नवरा. निपाणीला लेकीकडं राहतो."

"मग आधी तिकडं जा, बाळ. मिस्सा मी करीन. त्यांना सांगायचं काम माझं नाही."

निपाणीच्या बसमध्ये दोनदा तिला उतरून परत फिरावंसं वाटलं. जयाबाईच्या नवऱ्याच्या, भरमूच्या लेकीचं घर शोधायला वेळ लागला नाही. भरमू ओट्यावर उन्हात बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला.

"कोण गं?"

"पारिसाअण्णांची राजश्री."

तो एकदम ताठ झाला. "राजूआक्का?"

ती खाली फरशीवर बसली आणि एका दमात बोलली. मी झोपले नव्हते, मामा. मी आतच होते. तिनं तीनदा हाक मारली. मी मुद्दामच दार उघडलं न्हाय.

भरमूनं खांद्यावरचा पंचा मांडीवर ओढला. मग म्हणाला, "ठावं हाय. तू आत हैस हे तिला कळलंतं. फॅन फिरत हुता म्हणं."

राजश्रीला वाटलं, आता तो शिव्या देईल. देऊ देत.

"घरी आणल्यावर तिला बोलाय येत नव्हतं नीट. पर एकच धरून बसली. पोरगी आत हाय, फॅन चालू हाय, आणि ओ देत न्हाय. तिला काय झालंय का बघा जा. चक्कर बिक्कर येऊन पडली असंल, एकटीच हाय. जा की हो, बघून या. जीव जाईस्तोवर हेच." त्यानं पंच्यानं डोळे पुसले. "आन् मी काय गेलो न्हाय. बायकू मरायला लागलीया आन् हिला मालकाच्या पोरीचं पडलंय, म्हणून मीच तिच्यावर वरडलो. शेवटचा शबूद म्हणून तेवढाच ऐकली ती माझा."

भरमूनं हात पुढं करून चाचपडत तिचं डोकं शोधलं. "बरी हैस न्हवं तू?"

"व्हय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

ती तशीच बोरगावला घरी गेली आणि आई-आप्पांना दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आई डोळ्याला पदर लावून आत गेली. आप्पा उठून वखारीकडं गेले.

खोकला थांबला म्हणावं तर तसं नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत तो दोनदा आला. दोन्ही वेळा राजश्री उठून गेली, "कोण हाय?" म्हणून विचारलं आणि वखारीपर्यंत जाऊन आली. पूर्वीसारखं मान खाली घालून बसायची पाळी आली नाही. मिस्सेत नाव वाचलं गेलं तेव्हा ती मागच्या बाकापाशी उभी होती. "जयाबाई, बोरगाव." एवढंच. भोवतालच्या नावांत ते मिसळून गेलं.

पण तिनं घरी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. आप्पा दुपारी मोटरसायकल काढून निपाणीला गेले. आईनं पाचलाच भाकऱ्या करून ठेवल्या. सूर्य मावळला तरी त्यांचा पत्ता नव्हता. अंधार पडल्यावर ते आले, हातपाय धुतले. दिवस बुडाल्यावर ते कधीच जेवत नसत, म्हणून कुणी ताटही वाढलं नाही. जपमाळ घेऊन ते सोप्यात बसले.

मग माळ खाली ठेवून राजश्रीकडं न बघता म्हणाले, "भरमूच्या डोळ्याचं आपरेशन करून घ्यायला पायजे. मंगळवारी मिरजेला चल माझ्यासंगट, त्याला धरून न्यायला दोघं लागतील."