दिवसाआड पाळी

माझा भाऊ राजाराम गिरणीच्या साचेखात्यात वीस वर्षं काढलेला माणूस. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही, त्यामुळे संपात गिरणी सुटली तरी ओरडणं काही सुटलं नाही. चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये दादाने चहा टाकायला सांगितला की पलीकडच्या गल्लीत आधण चढतं. त्याच्या पोरीचं, प्रेमाचं लग्न मोडायची वेळ आली ती या ओरडण्यामुळे आणि एका शब्दामुळे.

प्रेमा त्याची थोरली. मी तिची आत्या, शकु. अंधेरीला एका कारखान्यात मी बाटल्यांना लेबलं लावते. तिथल्या आमच्या सुपरवायझर मालनबाईंच्या ओळखीतून नंदूचं स्थळ मीच आणलं होतं. मुलगा टीव्ही दुरुस्त करायचा, अंधेरीला दोन खोल्या, एकुलता एक, आणि अबोल. इतका अबोल की साखरपुड्याला त्याचा आवाज कुणी ऐकला असेल तर त्याने मला सांगावं. साखरपुडा दसऱ्याला त्यांच्याच इमारतीच्या गच्चीवर झाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर धरायचं ठरलं.

दिवाळी तोंडावर आली आणि प्रेमाला तापाने धरलं. दुपारी दोनच्या सुमाराला दात वाजायला लागायचे, घरातल्या सगळ्या गोधड्या कमी पडायच्या. मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घाम, आणि दिवेलागणीला पोरगी उठून भाकऱ्या थापायला बसायची. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या कुडाळकडे याला पाळीचा ताप म्हणतात, पाळी धरून येतो म्हणून. वहिनीने किराइताचा काढा सुरू केला. आठवडाभर घरात तोच विषय. ‘आज पाळी ना गं?’ ‘नाही, उद्या.’ बोलता बोलता ताप हा शब्द गळून गेला आणि नुसती पाळी उरली.

अशात नंदूचे काका दशरथराव आले. उद्या शालू घ्यायला दादरला जायचंय, आज प्रेमाने आमच्याकडे मुक्कामाला यावं, असा निरोप घेऊन. प्रेमा आतल्या खोलीत गोधड्यांखाली कुडकुडत होती.

“आज नको!” दादा गरजला. “आज तिका पाळी आसा!”

दशरथरावांनी मान खाली घातली ती थेट कपात. “असू दे, असू दे. मग पुढच्या आठवड्यात बघू.”

“पुढच्या आठवड्यात कित्याक? काल नव्हती, उद्या नाय. परवा परत येतली. दिवसाआड पाळी तिची, घड्याळ लावून घ्या!”

दशरथराव गिरगावात जन्मले, गिरगावात वाढले. तिथे तापाला डॉक्टर सांगेल तेच नाव असतं. ते चहा अर्धा टाकून उठले. एवढी काय घाई, असं मला वाटलं खरं, पण माणूस लाजाळू म्हणून सोडून दिलं.

तीन दिवसांनी मालनबाईंनी मला लेबलांच्या टेबलावरून बाजूला घेतलं. “शकु, मुलीचं काय ते नीट कळेपर्यंत मुहूर्त धरू नये म्हणतायत नंदूकडचे.”

“काय कळायचंय?”

त्यांनी इकडेतिकडे बघून माझ्या कानात सांगितलं. मुलीचा बाप ओरडून ओरडून हे असलं सांगतो, आणि दिवसाआड म्हणे! अशीला मूलबाळ कसं व्हायचं, असं नंदूची आई सुलक्षणाबाई विचारत होत्या.

आधी मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मस्तकात तिडीक गेली. अहो, एकदा येऊन विचारायचं तरी!

घरी सांगितल्यावर दादा चपला घालायला लागला. “मी जातंय आनि समजावन येतंय.”

“बाबा, तुम्ही नका जाऊ,” प्रेमा म्हणाली. “तुम्ही गेलात तर अख्ख्या अंधेरीला कळेल.”

त्याच सकाळी महापालिकेचा मलेरियावाला येऊन तिच्या बोटाचं रक्त काचेवर घेऊन गेला होता आणि गोळ्या देऊन गेला होता. त्या तिने रुमालात बांधून ठेवलेल्या मी पाहिल्या.

“अजून घेतल्या नाहीस?”

“उद्या घेईन. उद्या पाळी आहे ना, मी त्यांच्याकडे जाते.”

“डोकं फिरलं काय गं तुझं? गोळ्या घे आणि पड गपचूप.”

“ताप गेला तर दाखवू काय त्यांना? सांगून कोण ऐकतंय, आत्या? झाकतायत म्हणतील. बघू दे की डोळ्यांनी.”

तापाशी असले खेळ करू नयेत, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण तिला एकटी कशी सोडणार? दुसऱ्या दिवशी एक गोधडी पिशवीत कोंबली आणि निघाले तिच्याबरोबर.

सुलक्षणाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, पण चेहरा शिळ्या भाकरीसारखा. दशरथराव पेपर वाचत होते. नंदूला सुट्टी होती. तो दाराशी उभा राहून जमिनीकडे बघत होता. दोन वाजून गेले तरी प्रेमा अगदी ठणठणीत. एरवी नको तेव्हा येणारा ताप आजच रुसला की काय! मी उगाच फराळाचं, चकलीच्या भाजणीचं बोलत राहिले.

तेवढ्यात तिच्या हातातली बशी वाजायला लागली. नखं निळसर पडली, जबडा थाडथाड उडू लागला.

“काकू,” ती कशीबशी म्हणाली, “ही बघा माझी पाळी.”

मी गोधडी टाकता टाकता सगळा उलगडा केला. सुलक्षणाबाई दोन्ही हात गालांवर ठेवून बघत राहिल्या. “अगं बाई! हा तर मलेरिया!”

“आमच्याकडे ह्यालाच पाळीचा ताप म्हणतात,” मी म्हटलं. दशरथरावांचा पेपर डोळ्यांच्या वर गेला.

पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. “तरी बाई, चारकोपला डबकी फार. आमच्या घरात नाही हो असले ताप.”

नंदू आतून स्वतःची रजई घेऊन आला आणि प्रेमाच्या अंगावर टाकून म्हणाला, “मलाही येतो.”

“नंदू!” सुलक्षणाबाई कडाडल्या.

“दोनदा आला. साखरपुड्यालाही अंगात होता. आई म्हणाली, बोलू नकोस, स्थळ हातचं जाईल. मागच्या वेळी बरं वाटलं म्हणून गोळ्या मी अर्ध्यावर सोडल्या.”

आता कोणत्या डासाने कुणाचं कुणाला नेलं ते त्या डासालाच ठाऊक. पण साखरपुड्याला त्या गच्चीवरची पाण्याची टाकी उघडी होती आणि डासांनी आम्हाला फोडून काढलं होतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. स्वतःचं झाकून आमच्या मुलीत खोट काढता? मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी रजईतून आवाज आला.

“म्हणजे पाळी तुम्हालाही येते?”

दशरथरावांना असा ठसका लागला की पेपर खाली पडला. नंदू हसला. हसल्यावर बरा दिसतो मुलगा.

सुलक्षणाबाई सावरून बसल्या. “झालं गेलं विसरा. मुहूर्त तोच धरू.”

प्रेमाची थंडी ओसरून ताप चढत होता, डोळे लाल झाले होते. तिने पाणी मागितलं, आमच्या सगळ्यांदेखत गोळ्या गिळल्या आणि म्हणाली, “नको काकू. मुहूर्त आमच्याकडून पुढे. मुलाला ताप आहे. आधी यांनी रक्त तपासायचं आणि देतील त्या गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या, मधेच सोडायच्या नाहीत. टाकीला झाकण बसवायचं. मग बघू.”

मुलीकडच्यांनी मुहूर्त पुढे ढकललेला सुलक्षणाबाईंनी जन्मात ऐकला नसावा. त्यांनी लेकाकडे बघितलं. तो आपल्याकडे बघेल, मग आपण डोळ्यांनी काय ते सांगू, अशी वाट बघत राहिल्या.

“घेतो,” नंदू म्हणाला. आईकडे न बघता म्हणाला. अक्षता पुढे माघात पडल्या, पण माझ्या लेखी लग्न लागलं ते तेव्हाच.