ओडेसाची हाक

या, जवळ सरकून बसा. आमच्या अलाबामातल्या ओडेसा टार्पलीची गोष्ट सांगतो. ऐकाल तर हलके होऊन घरी जाल.

ओडेसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायची आणि ऑनलाइन कॉलेजातून नर्सिंग शिकायची. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांवरचा एक शोधनिबंध संध्याकाळपर्यंत शोधून दिला नाही, तर ती दुसऱ्यांदा नापास, म्हणजे कॉलेज बंद. असल्या जखमा तिने स्वतःच्या हातांनी धुतल्या होत्या. पण कॉलेजच्या ग्रंथालयाचं पान संगणकावर उघडलं की ती ते लगेच मिटून टाकायची. बाकी सगळे हुशार, आपणच ढ. विचारायची चोरी!

त्या दुपारी ग्रंथालय कसं वापरायचं याचा ऑनलाइन वर्ग होता. शिकवायला ग्रंथपाल डॉ. व्हिटलॉक. विद्वान हो! तहानलेल्याने पाणी मागावं, तर विहिरींचे प्रकार सांगतील इतके विद्वान. पडद्यावर शोधनिबंधांच्या साठ्यांची दारंच दारं दाखवत सुटले. आत शिरायचं कसं, त्याचा पत्ता नाही. वर घडीघडीला, "सोपंच आहे!"

आता आमच्या चर्चची रीत अशी: पाळकाचा गाता उपदेश रंगला, की आम्ही "आमेन!" म्हणून उचलून धरतो. भरकटला, की बाकांवरून देवाला हाक जाते. शहाणा पाळक ती ऐकून मूळ वचनावर परततो. ओडेसाचा जन्म त्या बाकांवर गेलेला. तिच्या तोंडून सवयीने खणखणीत निघालं,

"देवा, सांभाळ रे याला!"

माईक चालू होता.

व्हिटलॉक थबकले. "कोणाला सांभाळायचंय?"

"तुम्हाला, साहेब." लाज गेलीच होती, आता भीती कसली? "मघापासून दारं दाखवताय. मी पहिलं बोट कुठे ठेवू?"

"सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे, मॅडम."

"रेकॉर्डिंग काय हाकेला ओ देतं होय?"

तेवढ्यात पडद्याच्या कडेला कुणी लिहिलं, "मलाही कळलं नाही." मग आणखी एकाने. मग रांगच लागली. ओडेसा बघतच राहिली. हेच का ते हुशार!

व्हिटलॉकांनी घसा खाकरला. "तुम्हाला... नक्की काय हवंय?"

"कूस बदलत राहिलं तर जखमा टळतात का, ते."

"मग या चौकटीत तेच लिहा. जखमेचं नाव आणि कूस बदलणं."

तिने लिहिलं. निबंध समोर.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बाबा, इतका वेळ काय दळत होतात?"

निबंध वेळेत पोहोचला, ओडेसा तरली. पण त्या वर्गात एक अक्षरही न लिहिता, कळल्यासारखी मान हलवत बसलेलेही होते. प्रार्थनेला बसाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.