सबनीस मास्तरचा घोडा

संपाला आठ महिने झाले, तरी विव्हिंग मास्तर सबनीसला वेळ म्हणून नव्हता. साचे थंड, भोंगा मुका, खात्यात उंदीर नाचत होते, आणि हा दिवसभर मीटिंगमध्ये. न चालणारी गिरणी चालवायला एवढ्या मीटिंगा कशाला लागतात, ते त्यालाच ठाऊक. म्हणून त्याचा घोडा फिरवायला त्याच्याच खात्यातला संपावरचा विणकर कुशाबा.

येत्या फाल्गुनात घोडा दमाच्या शर्यतीत उतरणार होता. डोंगरातून ऐंशी किलोमीटर, एका दिवसात. त्यासाठी आधी महिनोन् महिने त्याला नुसतं चालवायचं, पाय टणक करायचे, मग दौड. तेव्हा महालक्ष्मीच्या तबेल्यातून वरळी, तिथून दादरची वाळू आणि परत, लगाम धरून कुशाबा रोज पायी. रविवारी मास्तर पांढरी विजार चढवून तासभर वर बसायचा आणि उतरल्यावर घाम पुसत म्हणायचा, "मेहनत घ्यावी लागते रे." घोड्याच्या आधी कुशाबाच शर्यतीला तयार झाला होता.

करी रोडच्या चाळीत शेजारचा संपकरी दगडू गॅलरीतून हाक मारायचा, "काय रे कुशा, मास्तरची लीद काढून झाली? बघ हां, एक दिवस फुटशील."

"घोडा हाय तो, साचा नाय. संप मोडून साच्याला हात लावला तर तोड माझा हात."

घरात बायकोचं, सुभद्रेचं, वेगळंच. तिचा भाऊ भिवा कॉटन ग्रीनच्या गोदामात मुकादम होता. त्याने कुशाबासाठी हमालाची एक जागा धरून ठेवली होती.

"सोमवारपर्यंत सांगा म्हणालाय. मग दुसऱ्याला देणार."

"आणि गिरणी चालू झाली म्हंजे? चार साचे सांभाळणारा माणूस मी, गोणी उचलू?"

"साचे रडतायत जसे तुमच्यावाचून," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

त्या रविवारी दादरच्या वाळूत मास्तर घोड्यावरून उतरला तो खुशीत. "दिवाळीपर्यंत तू असाच फिरव. पुढे मी स्वतः बसणार. रोज सकाळी सहा ते दहा. शर्यतीपर्यंत खंड नाही."

"रोज, साहेब?"

"रोज."

"पहिली पाळी सातला भरते."

"कुठली पाळी?" मास्तर म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. "म्हणजे, चालू झाली तर बघू की." तो घोड्याची आयाळ विंचरल्यासारखी करू लागला.

हाच माणूस सातच्या ठोक्याला खात्याच्या दारात उभा राहायचा. मिनिटभर उशीर झाला की माणसाला कुत्र्यासारखा परत पाठवायचा. त्याने आपल्या सगळ्या सकाळी घोड्याला देऊन टाकल्या होत्या. आणि हे सांगायलाही त्याला घोडाच लागला.

कुशाबाने लगाम त्याच्या हातात दिला.

"अरे, तबेल्यात कोण नेणार? आणि उद्या?"

"तुम्हीच न्या. मोकळेच तर आहात सकाळचे."

चाळीच्या जिन्यात त्याने दगडूला सांगितलं, गिरणी उघडत नाही. दगडू पचकन थुंकला. "मास्तरनं पढवून पाठवला काय रे? शेवटी फुटलासच."

कुशाबाला त्याची कीव आली, आणि आठ महिने आपणही असेच होतो म्हणून स्वतःची किळस. तो वर गेला, चपला काढल्या.

"भिवाला विचार," तो सुभद्रेला म्हणाला, "गोणी किती किलोची असते."