कोंबड्यांना आवडलेली तेलविहीर

माझ्या नवऱ्याला, डेलमरला, सपाटीचं वेड आहे. भिंतीवर फोटो टांगायचा तरी तो पाणसळ शोधायला जातो. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या तेलविहिरी खणल्या, त्याही नॉर्थ डकोटात, डब्याएवढ्या खोलीत महिनोन्‌महिने एकटा राहून. शेवटी इथे वायोमिंगमध्ये, आमच्याच रानाखाली, स्वतःची एक विहीर खणायचं त्याच्या मनाने घेतलं. रान आमचं, पण खालचं तेल केंद्र सरकारचं. आमच्याकडे बऱ्याच जणांचं असंच आहे. म्हणून परवाना केंद्राचा, आणि तो येईपर्यंत डेलमरच्या मिशा पिकल्या.

परवाना आला आणि डेलमर सुटलाच. बाकीचे लोक खणायची रिग यायच्या तोंडावर जागा साफ करतात. याने जमीन गोठायच्या आत, शरदातच, बुलडोझर काढला आणि केकवर आयसिंग फिरवावं तसा फिरवला.

"ट्रूडी, गोटी ठेवून बघ. हलते का?"

गोटी हलली, पण ती आमच्या वाऱ्याने.

मार्चमध्ये एका पहाटे मी खिडकीतून बघते तर त्या मैदानात सेजकोंबडे, सेजच्या झुडपांत राहणारे रानपक्षी! छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून, शेपटीचा पंखा उभारून, बुळुक बुळुक करत नाचत होते. माद्या कडेला उभ्या राहून नाकं मुरडत होत्या. हे पक्षी नाचायला मोकळी, उघडी जागा शोधतात, आणि झुडपांनी भरलेल्या आमच्या माळावर ती सहसा मिळत नाही. डेलमरने ती त्यांना तयार करून दिली होती.

पुढच्याच आठवड्यात सरकारी जमीन खात्याची पक्ष्यांची अधिकारी आली. मायते नाव तिचं, गुणी मुलगी. गाडीतूनच दुर्बिणीने मोजलं आणि उतरली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"मिस्टर डेलमर, जूनअखेरपर्यंत इथे काम बंद. आणि याच्याभोवती आखलेल्या वर्तुळातही बंद."

"अगं, ही माझी विहीर आहे!"

"आता तो त्यांचा नाचायचा आखाडा आहे. हे पक्षी जपायची परवान्यातली अटच आहे."

"मग हुसकावतो मी त्यांना."

"हुसकावलंत तर परवानाच जाईल."

रिगवाला क्लेटन फोनवर म्हणाला, "डेलमर, तुझ्यासाठी एप्रिलभर थांबतो. मग रिग न्यू मेक्सिकोला चालली, ती वर्षभर तरी परत येत नाही." आणि परवान्याची मुदत शरदात संपत होती. विहीर नाही म्हणजे पुन्हा नॉर्थ डकोटा. त्या दिवशी डेलमरने चिलीच्या तिखट रश्श्याबरोबरचा त्याचा लाडका दालचिनी रोल तसाच ठेवला, तेव्हा मला भीती वाटली.

"वर्तुळाच्या बाहेर उभं राहून जमिनीखालून आत आडवं खणलं तर?" मीच मायतेला विचारलं.

"चालेल की. जागाबदलाचा अर्ज करा, मी येऊन बघते."

"आडवं?" डेलमर खुर्चीतून उठला. "आडवं काय, मी वळणंसुद्धा घेईन!"

नकाशावर वर्तुळाबाहेरची, ट्रक पोचेल अशी जागा एकच निघाली. आमचं परसदार.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली रिग?"

"थोडेच दिवस गं."

"आणि नंतर खडक फोडायला पाण्याचे, वाळूचे टँकर?"

"ते रस्त्याच्या बाजूने येतील."

नवरा डकोटात असण्यापेक्षा रिग खिडकीत बरी, असं म्हणून मी हो म्हटलं.

मायतेने बजावलं, "दोन नर एके ठिकाणी नाचले की तो आखाडा. एकटाच नाचला तर तो नुसताच एक कोंबडा. मी पहाटे येऊन बघणार."

म्हणजे परसदार कोंबड्यांना आवडता कामा नये. डेलमरला म्हटलं, पसारा कर. त्याने जुना न्हाणीचा टब, ट्रॅक्टरची टायरं, मोडकी कपाटं आणून मांडली, सरळ रेषेत, सारख्या अंतरावर.

"हा पसारा आहे की परेड?"

"मला येत नाही गं!"

शेवटी मीच दोन लाथा घालून ते सगळं नीट विस्कटलं.

मायते यायची आणि माझ्या टेबलाशी कॉफी पीत खिडकीतून बघत बसायची. पहिल्याच पहाटे एक कोंबडा आला. हडकुळा, शेपटीचं एक पीस वाकडं. टबाशेजारी उभा राहून त्याने पिशव्या फुगवल्या.

"एक," मायते म्हणाली.

तेवढ्यात टायरावर दुसरा चढला. डेलमरने माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

"नाचू नको रे बाबा," तो पुटपुटला. "गुडघे दुखत असतील तुझे. घरी जा."

दुसऱ्याने छाती थोडी फुगवली. पहिल्याचा नाच नीट पाहिला. मग छाती खाली केली आणि अशा संगतीत दिसणं बरं नाही अशा चालीने मोठ्या मैदानाकडे निघून गेला.

"एकच," मायते म्हणाली आणि स्वतःच हुश्श करून हसली. नंतरच्या प्रत्येक पहाटेही तो एकच राहिला.

मंजुरी आली, एप्रिल संपता संपता रिगही आली. माझी कपबशी दिवसभर थरथरायची. खाली, खूप खोल, रिगचं पातं आडवं होऊन नाचणाऱ्यांच्या पायांखालून सरकत होतं. आणि हा वाकड्या पिसाचा तेवढ्या गोंगाटात रोज पहाटे टबाशी हजर. डेलमर आधी रोज घाबरून मोजायचा. मग नुसताच बघत बसायला लागला.

"ट्रूडी, एकही कोंबडी बघत नाही गं त्याच्याकडे."

"तुला काय त्याचं?"

"मायतेला विचारलं मी. कोंबड्या कितीही आल्या तरी चालतात म्हणाली."

मे महिन्यात एका पहाटे क्लेटन रिगवरून हातवारे करत ओरडत आला, "पोचलो! डेलमर, टोकापर्यंत पोचलो! मिळाली रे तुझी विहीर!"

डेलमर टायरामागे उकिडवा बसला होता. त्याने वळून न बघता क्लेटनला हाताने खाली बसवलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "एक आलीय."